बत्तीच्या पुस्तकांमधलं सातवं

मी पाचवीत होते त्या वर्षी आमच्या टेंभुर्णीच्या शाळेत पुस्तकांची एक लोखंडी पेटी आली. जालना जिल्हा नुकताच वेगळा झाला होता, पण पेटीवर अजून जुन्याच जिल्ह्याचं नाव रंगवलेलं होतं. गुरुजींनी ती फळ्याखाली ठेवली आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की पेटी उघडायची, आणि रांगेत उभं राहणाऱ्याला आठवड्यासाठी एक पुस्तक मिळायचं. पहिल्या शनिवारी मी बरीच मागं होते. जाड आणि चित्रांची पुस्तकं पुढच्यांनी नेली. माझ्या हाती आलं ते एक पातळसं पुस्तक. निळ्या कव्हरावर समुद्रातला खडक, खडकावर एक पांढरा मनोरा, आणि खाली कोपऱ्यात एकचा आकडा.

त्या मनोऱ्यावर दिवा होता. जाणाऱ्या-येणाऱ्या जहाजांना खडक कळावा म्हणून तो रोज लावायचा. दिवा सांभाळणारा माणूस, त्याची बायको आणि तीन पोरं एवढेच लोक त्या खडकावर राहायचे. थोरली मुलगी दिसणाऱ्या प्रत्येक गलबताची वहीत नोंद करायची. मधल्या मुलाला पाण्याची भीती वाटायची आणि ती कुणाला ठाऊक नाही असं त्याला वाटायचं. धाकटीला गप्प बसता यायचं नाही. आठवड्यातून एकदा एक म्हातारा तांडेल होडी वल्हवत यायचा आणि त्यांना रेशन, टपाल आणि किनाऱ्यावरच्या गप्पा देऊन जायचा. एवढाच सगळा मामला. अशी एकूण नऊ पुस्तकं होती.

मी तोवर पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पूर आलेली पूर्णा. समुद्र खारट असतो हे भूगोलात होतं, पण ते मला बिलकुल पटलेलं नव्हतं. तरीही त्या खडकावरच्या घरात मी इतकी रमले की माझं मलाच नवल वाटायचं. त्या घरात काहीही झालं, भांडण होवो नाहीतर कुणाला ताप येवो, दिवस मावळायच्या आत वर जाऊन दिव्याची काच पुसायचीच. ते वाचल्यापासून मी आमच्या कंदिलाची काच रोज राखेनं पुसून लख्ख करायला लागले. आईला वाटलं, पोरीला अक्कल आली.

ही पुस्तकं घरात शिरली ती मात्र मिरचीमुळं. आमच्याकडं तेव्हा मिरची भरपूर पिकायची. ती वाळली की ओसरीवर ढीग लागायचा आणि गल्लीतल्या पाच-सात बाया देठ खुडायला यायच्या. घरच्या पोरींनाही सुट्टी नसायची. तासाभरात बोटांची आग व्हायची आणि चुकून डोळ्याला हात लागला तर सगळा दिवस रडण्यात जायचा. एका रविवारी मला ढिगाआड पुस्तक धरून बसलेलं काकूनं पाहिलं. ही माझी सगळ्यात धाकटी काकू. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"काय वाचून राह्यली गं गुपचूप?" तिनं विचारलं.

"समुद्रातल्या बत्तीची गोष्ट हाय."

"मंग मोठ्यानं वाच की. आमचे हात गुतलेत, कान मोकळेच हायेत."

मी वाचायला लागले. पहिली दोन पानं आई कुरकुरली, की हिचे हात रिकामे राहिले म्हणून. तिसऱ्या पानावर धाकटीनं तांडेलाच्या टोपीत बोंबील लपवला आणि सगळ्या ओसरीवर हसू फुटलं. त्यात मिरचीचा ठसका लागून दोघी-तिघी खोकायला लागल्या. खोकला थांबल्यावर आईच म्हणाली, "हं, पुढं वाच." त्या दिवसापासून माझं खुडणं सुटलं. मिरची लागलेल्या हातानं शाळेचं पुस्तक धरू नये, हा नियम काकूनंच काढला आणि कुणी त्याला हरकत घेतली नाही. पुस्तकांना 'बत्तीवाली पुस्तकं' हे नावही तिचंच.

शनिवारी आणायचं आणि रविवारी वाचायचं, अशी सहा पुस्तकं झाली. बायांना तांडेल सगळ्यांत आवडायचा. तो आला की त्या खुडायच्या थांबायच्या. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी मोठं वादळ झालं. तांडेल खडकाहून किनाऱ्याकडं निघाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची होडी खडकाला येऊन लागली. रिकामी. तिथं पुस्तक संपलं.

सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

"मेला काय गं तो?"

"मरंल कसा? अजून तीन पुस्तकं हायेत."

"आता आठ दिवस थांबायचं व्हय? पोरी, तू उद्याच मास्तरला सांग, जल्दी दे म्हणून."

सोमवारी मी गुरुजींच्या मागं लागले. त्यांनी पेटी उघडून सगळी पुस्तकं टेबलावर मांडली. सहाच्या पुढं आठ होतं. त्यांनी पेटी उपडी करून झटकली, पेटीबरोबर आलेली यादीही पाहिली.

"सातवं आलंच नाही गं," ते म्हणाले. "आठवं ने. काय फरक पडतो?"

काय फरक पडतो ते मी आठव्याचं पहिलंच पान वाचलं तेव्हा मला कळलं. तांडेल त्या घराच्या चुलीपाशी बसला होता. हात गळ्यात बांधलेला, आणि दुसऱ्या हातानं कालवण-भात खात होता. तो कसा वाचला, कुठं होता, हात कशानं मोडला, याबद्दल एक अक्षर नव्हतं. सगळ्यांना ते माहीतच आहे असं धरून पुस्तक पुढं चाललं होतं.

सबंध आठवडा मी विचार करत होते. रविवारी बाया आल्या. आईनं ढीग मोकळा केला आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. सातवं नाही असं सांगितलं असतं तर मला सरळ ढिगाशी बसावं लागलं असतं. पण खरं सांगायचं तर बोटांच्या आगीपेक्षा त्या बायांचे चेहरे मला जड गेले. मी आठव्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. ते उघडलं, घसा साफ केला आणि वाचायला लागले. म्हणजे बनवायला लागले.

माझा तांडेल एका फळकुटाला धरून वाहत वाहत एका बेटावर लागला. मला बेट ठाऊक नव्हतं, म्हणून ते बरंचसं आमच्या मळ्यासारखं झालं. त्यावर बाभळी होत्या, एक विहीर होती आणि ज्वारीचं उभं पीक होतं. तांडेलानं कणसं चोळून भाकरीपुरते दाणे काढले.

"खाऱ्या पाण्यात ज्वारी कशी आली गं?" एकीनं विचारलं.

"तिथं पावसाचं पाणी साचतं," मी पुस्तकात बघत म्हटलं. "असं लिव्हलंय इथं."

"असंल असंल," दुसरी म्हणाली. "मीठ मात्र फुकट. ठेचा झकास होत असंल त्याचा."

मी लगेच ठेचाही वाचून दाखवला. मिरची कुठून आली, हे विचारायचं त्या ओसरीवर कुणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळी बाया गेल्यावर काकू देठ झाडून गोळा करत होती. मी आत निघाले तसं तिनं हळूच हाक मारली.

"इकडं ये. पान उलटत जाय अधूनमधून."

"काय?"

"आज तू तासभर एकच पान वाचून राह्यलती. मला वाचता येत न्हाई, पण पान उलटल्यालं दिसतं. बाकीच्या बी आंधळ्या न्हाईत."

मी रडकुंडीला आले. सातवं पुस्तक आलंच नाही, हे सगळं तिला सांगून टाकलं. तिला राग येईल असं वाटलं होतं. तिनं खराटा भिंतीला टेकवला.

"त्या बेटावर तांडेलाला कोणीतरी दे," ती म्हणाली. "एकटा माणूस किती बोलंल? भांडायला तरी कोणी पाहिजे."

पुढच्या रविवारी बेटावर एक म्हातारी निघाली. ती वीस वर्षांपूर्वीच्या वादळात तिथं येऊन लागली होती आणि आता तिला जायचंच नव्हतं. ज्वारी तिची होती. तांडेलानं न विचारता कणसं तोडली म्हणून ती त्याला धरून बोल बोल बोलली. त्या दिवशी मी पानं इतक्या वेळा उलटली की पुस्तक दीडशे पानांचं असायला हवं होतं. बाया खूश होत्या. त्या आठवड्यात पाणी भरायला गेले तरी कुणी ना कुणी त्या म्हातारीबद्दल विचारायचं. आता मला खऱ्या पुस्तकाइतकीच या खोट्याचीही ओढ लागली होती. शाळेत बसल्या बसल्या मी पुढचा रविवार जुळवत असे.

त्याच सुमारास गावातल्या बँकेत नवे साहेब बदलून आले. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात बसायला लागली. ती औरंगाबादहून आली होती, केसांना रिबिनी बांधायची आणि 'नाही' म्हणायची, 'न्हाई' नाही. आम्ही तिच्याशी जरा जपूनच बोलायचो. एका रविवारी ती आईबरोबर आमच्याकडं मिरची घ्यायला आली. तिची आई आत माझ्या आईशी बोलत होती. ती ओसरीच्या पायरीवर बसली आणि ऐकायला लागली. मी रंगात आले होते. तांडेल आणि म्हातारी बाभळीच्या फांद्यांचा तराफा बांधत होती आणि कुठली गाठ मारावी यावरून त्यांचं वाजलं होतं.

मी थांबले तशी ती मुलगी म्हणाली, "हे कितवं पुस्तक आहे?"

"सातवं," दोघी-तिघींनी एकदम सांगितलं.

"मी सगळी वाचली आहेत. नऊच्या नऊ."

पुस्तक मी पदराखाली लपवावं तसं परकराखाली सरकवलं. काकूनं खुडणं थांबवून माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"मंग बराबर हाय का ही सांगती ते?" एका बाईनं हौसेनं विचारलं. "तराफा बांधतेत ना दोघं?"

त्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. मग ती म्हणाली, "हो. अगदी असंच आहे."

ती निघाली तेव्हा मी तिच्या मागं मागं फाटकापर्यंत गेले. काय बोलावं ते सुचत नव्हतं. तीच वळली.

"अगं, बेटच नाहीये त्यात!" ती कुजबुजली. "म्हातारी तर नाहीच नाही. खरं काय होतं सांगू?"

"सांगू नको!" मी दोन्ही कानांवर हात ठेवले. त्यातला एक मिरचीच्या ढिगावर टेकलेला होता, त्यामुळं कान चुरचुरायला लागला. ते पाहून ती इतकी हसली की तिला फाटकाशीच खाली बसावं लागलं. मग मीही हसले.

"नाही सांगत," ती म्हणाली. "पण तराफा बुडतो का, ते तू मला आत्ता सांग. मी रविवारपर्यंत थांबणार नाही."

अशी आमची मैत्री झाली. ती दोन वर्षं गावात होती. माझं सातवं पुस्तक आणखी तीन रविवार चाललं. तराफा बुडाला नाही. हात मोडला तो मधल्या मुलाला पाण्यातून ओढून काढताना, कारण तांडेलाला पाहून तो पोरगा भीती विसरून पाण्यात उतरला होता. म्हातारी बेटावरच राहिली. तिला आणावं असा बायांचा फार आग्रह होता, पण काकू म्हणाली, "तिला न्हाई यायचं तर ऱ्हाऊ द्या." पुढं मैत्रिणीनं माझ्या समोर बसून ती गोष्ट एका दोनशे पानी वहीत उतरवून घेतली. तिचं अक्षर माझ्यापेक्षा सुबक होतं. वडिलांची बदली झाली तेव्हा ती वही तिच्याबरोबर गेली. मी तिला खुशाल नेऊ दिली. खऱ्या सातव्याबद्दल मात्र तिनं शेवटपर्यंत चकार शब्द काढला नाही.

आठवं आणि नववं आम्ही नंतर वाचलंच. ती दोन्ही चांगली होती. पुढं मी जालन्याला शिकले, शिक्षिका झाले, लग्न झालं आणि भोकरदनला स्थायिक झाले. कुठंही पुस्तकांचं दुकान दिसलं, रस्त्यावर जुनी पुस्तकं मांडलेली दिसली, की मी बत्तीच्या पुस्तकांची चौकशी करायचे. दुकानदार म्हणायचे, ताई, ती आता निघत नाहीत. एकदा औरंगाबादला एका जुन्या ढिगात पाच नंबरचं सापडलं. एका लग्नात भेटलेल्या बाईकडं नऊच्या नऊ असल्याचं कळलं, पण त्यांच्या घरी उंदरांनी आधी हात मारला होता. मुलांना झोपवताना मी त्यांना सगळी गोष्ट सांगितली. सातव्यात बेट आणि म्हातारी आपोआप आली. मुलांना वाटायचं ते तसंच छापलेलं आहे, आणि मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. जालन्याला पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं. शाळेच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं निवडायला मला पाठवलं होतं. यादी हातात घेऊन मी एका टेबलाशी आले आणि पाहिलं तर नऊ पुस्तकं ओळीनं उभी. नवी आवृत्ती, गुळगुळीत कागद, मनोरा आता जरा तिरका काढलेला. मी आधी सातवं उचललं. विकणाऱ्या तरुण पोरानं विचारलं, "मॅडम, मुलांसाठी का?" मी म्हटलं, "नाही, काकूसाठी." शाळेच्या यादीत नऊही घातली आणि स्वतःसाठी सातवं वेगळं घेतलं. बसमध्ये बसले, तरी उघडलं नाही. एकटीनं वाचायचं नव्हतं.

रविवारी सकाळी टेंभुर्णीची बस धरली. काकू आता साठीच्या पुढं होती. मधल्या काळात साक्षरतेच्या वर्गाला जाऊन ती अक्षरं लावायला शिकली होती, पण चष्म्याचा तिला कंटाळा. मी पुस्तक तिच्या हातात दिलं. तिनं ते डोळ्यांपासून लांब धरलं आणि कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"सात," ती म्हणाली. मग माझ्याकडं पाहिलं. "खरं?"

"खरं."

"मंग बस. वाच. आज पानं बराबर उलट."

खऱ्या पुस्तकात तांडेल जवळजवळ नव्हताच. सगळं पुस्तक त्या खडकावर घडत होतं. रिकामी होडी बघून ते पाचजण वाट बघत राहिले होते. थोरली मुलगी वहीत रोज लिहायची, आज काही दिसलं नाही. धाकटी पहिल्यांदाच गप्प झाली होती. आई रोज एक ताट जास्तीचं वाढायची आणि मग ते झाकून ठेवायची, आणि त्याबद्दल कुणी कुणाला काही विचारायचं नाही. मधला मुलगा रोज एक पायरी खाली पाण्याकडं उतरायचा. शेवटून दुसऱ्या पानावर एक मोठं गलबत खडकाजवळ थांबलं आणि त्यावरून तांडेल उतरला. हात कशानं मोडला ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. पुस्तक संपलं.

दहा-अकरा वर्षांची होते तेव्हा मला हे सुचणं शक्यच नव्हतं. जो हरवला त्याच्या मागं मी धावत सुटले होते. जे घरी बसून होते त्यांचं काय झालं असेल, असा विचारच माझ्या मनात आला नव्हता. मी पुस्तक मिटलं. आतल्या आत जरा ओशाळल्यासारखं झालं. एवढं सुंदर पुस्तक, आणि त्याच्या जागी मी ज्वारी आणि ठेचा घातला होता.

काकूनं नाक पुसलं.

"लिव्हणाऱ्यानं लई चांगलं लिव्हलं," ती म्हणाली. "ते ताट झाकून ठिवायचं... ते खरं हाय. असंच करतेत बाया."

"हो ना."

"पण ह्ये त्या वक्ती तू वाचलं असतं ना, तर एक बी बाई दुसऱ्या रविवारी आली नसती. समद्या रडत बसल्या असत्या आणि मिरच्या तशाच राह्यल्या असत्या."

मला हसू आवरेना. तीही पदर तोंडाला लावून हसली. मग मला विचारते, "त्या म्हातारीचं यात कायच न्हाई?"

"नाही काकू. ती आपलीच होती."

"हां. मंग बरं झालं तिला बेटावरच ठिवली," ती म्हणाली. "हितं आली असती तर तिला कोणी इचारलं नसतं."

त्या दुपारी मी मैत्रिणीला फोन लावला. ती आता पुण्यात होती. वाचलं, एवढंच मी म्हटलं आणि ती पलीकडून ओरडली, "अखेर! अगं, वीस वर्षं मी तोंड दाबून बसले होते!" मग आम्ही अर्धा तास ताटाबद्दल, वहीबद्दल आणि त्या पायऱ्यांबद्दल बोललो. काकू शेजारी बसून आमचं ऐकत होती आणि मधूनमधून माझ्या हाताला हिसका देऊन, तिला काय सांगायचं ते मला सांगत होती. शेवटी फोन तिनंच घेतला. "तू तेव्हा बराबर बोलली पोरी," ती मैत्रिणीला म्हणाली, आणि फोन कसा ठेवायचा ते न समजून तसाच माझ्याकडं दिला.

जेवण झाल्यावर ती चटईवर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "चल, आता आठवं काढ. तांडेल कालवण खातो ते."

आठवं मी आणलंच नव्हतं. ते ऐकून काकू खरोखरच रागावली. इतक्या वर्षांनी आलीस आणि एकच पुस्तक घेऊन आलीस, शिकलेल्या बाईला एवढं कळू नये का, वगैरे बरंच बोलली. साडेचारच्या बसला मला सोडायला ती स्टँडपर्यंत आली, पण सगळ्या वाटेत माझ्याशी बोलली नाही. बस सुटायच्या वेळी मात्र खिडकीपाशी येऊन म्हणाली, "रविवारी दोन्ही घिऊन ये. मी गल्लीतल्या समद्यांना सांगून ठिवते."